मुक्या जिवाला हात लावण्यापूर्वी

“आधी हात बघू!” असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी बारा जणांना एका रांगेत उभं केलं. आमच्या शाळेत सोमवारी प्रार्थना झाली की नखं तपासत असत, त्याची आठवण व्हावी असाच तो थाट होता. नखं वाढलेली नकोत, बोटात अंगठी नको, मनगटावर घड्याळ नको, अंगाला अत्तर नको. रांगेत पीएच. डी. करणाऱ्या तीन मुली होत्या, नुकतेच एम. एस्सी. झालेले तिघे जण होते, दोन प्राध्यापक होते, झाडलोट करणारे दोन तरुण पोरगे होते, एक स्टोअरकीपर होता आणि सगळ्यांत शेवटी, मान खाली घालून, आमचे मामा उभे होते.

मामांपाशी आल्यावर डॉक्टरीणबाई जरा ओशाळल्याच. कारण पशुवैद्यक कॉलेजातून पास होऊन त्या पहिल्यांदा या संस्थेत आल्या तेव्हा ससा उचलायचा कसा, हे त्यांना मामांनीच दाखवलं होतं. तीस वर्षं ज्या हातांनी हजारो पांढरे उंदीर, ससे आणि गिनिपिग उचलले, पुसले, खाऊ घातले, त्या हातांची आता परीक्षा होती. मामांनी मात्र दोन्ही तळवे शहाण्या मुलासारखे पुढे केले.

मी तिथं काय करत होते, हे सांगायला हवं. मी शास्त्रज्ञ नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाले. एके दिवशी एका संशोधन संस्थेतून बोलावणं आलं. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत एक नैतिकता समिती असावी लागते. तिच्यात निरनिराळ्या विषयांचे शास्त्रज्ञ असतात, एक पशुवैद्य असतो, बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ असतो, केंद्र सरकारच्या समितीचा प्रतिनिधी असतो. आणि या सगळ्या जाणकारांत एक माणूस असा हवा असतो, की जो शास्त्रज्ञ नाही, पण ज्याला समाजाचं भान आहे. ते भान माझ्यापाशी आहे असं कुणाला तरी वाटलं, आणि मी समितीवर गेले. “बाई, तुम्हाला काय कळतं त्यातलं?” असं शेजारणीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, “काही कळत नाही म्हणूनच घेतलंय मला.”

जाण्याआधी मनाशी बराच झगडा झाला, हेही खरं. मुक्या जिवांना पिंजऱ्यात कोंडून त्यांच्यावर औषधं तपासायची, या कल्पनेनंच पोटात कालवाकालव होते. पण माझे यजमान गेली एकोणीस वर्षं इन्शुलिन घेतात. १९२१ साली टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर जे प्रयोग केले, त्यांतून ते औषध आलं. रोज सकाळी ती सुई मीच भरून देते. जी बाई ती सुई भरते, तिनं प्राण्यांच्या खोलीकडे पाठ फिरवून ‘मला बघवत नाही’ म्हणावं, हे काही पटेना. निदान तिथं काय चालतं ते बघावं, इतपत तरी आपलं देणं लागतं, असं वाटलं.

भरलेली बाटली

आणि तरीही मी नीट बघितलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

दर सहा महिन्यांनी आम्ही समितीचे सदस्य त्या विभागाची पाहणी करत असू. संस्थेत सगळे त्याला ‘ॲनिमल हाऊस’ म्हणतात. खोलीचं तापमान किती, हवा तासाला किती वेळा बदलते, दिवे बारा तास चालू आणि बारा तास बंद राहतात की नाही, पिंजऱ्यातला भाताचा तूस कोरडा आहे का, असे रकाने भरायचे आणि खाली सही करायची. त्यांत एक रकाना असे : ‘कर्मचारी प्रशिक्षित आहेत काय?’ मी दर वेळी ‘होय’वर खूण करत होते. मामा होते ना! मामांकडे बघितलं की तो प्रश्न विचारावासाच वाटत नसे.

एका दिवाळीत मामा गावी गेले. त्यांच्या जागी रोजंदारीवरचा एक पोरगा ठेवला. वय असेल एकोणीस-वीस. ‘पिंजऱ्यात खाद्य टाक, बाटल्या भर’ एवढं त्याला सांगितलं होतं, आणि तेवढं त्यानं इमानानं केलं. भाऊबीज झाल्यावर मामा परत आले, तर दोन पिंजऱ्यांतले दहाही उंदीर मेलेले. दोन्ही पिंजऱ्यांवर पाण्याची बाटली भरलेली होती.

झालं होतं ते असं. पिंजऱ्यावर बाटली उलटी टांगलेली असते. तिच्या स्टीलच्या तोटीत एक बारीक गोळी असते. उंदीर जिभेनं ती गोळी ढकलतो, की थेंब येतो. कधी कधी ती गोळी अडकते. मग बाटली भरलेली दिसते, पण पाणी येत नाही. म्हणून बाटली लावल्यावर दर वेळी बोटानं तोटी दाबून थेंब पडतो की नाही हे बघायचं असतं. बाटली कमी झाली नाही, याचा अर्थ उंदरांना तहान नाही असा नसतो. उलट तीच धोक्याची खूण असते. त्या पोराला हे कुणी सांगितलं नव्हतं. रोज भरलेली बाटली बघून तो निश्चिंत होत होता.

समितीची तातडीची बैठक झाली. पोराला काढून टाकावं, असा सूर निघाला. मामांना बोलावलं. ते दारातच उभे राहून म्हणाले, “साहेब, भरलेली बाटली बघून कुनालाबी वाटंल, पानी हाय. त्याला कुनी शिकवलंच न्हाई. जाताना मी सांगाया पायजे हुतं. माझं चुकलं.”

मामांचं चुकलं असेल, तर माझं काय? त्या रकान्यात ‘होय’ मी लिहिलं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा समितीत आवाज चढवून बोलले. पोराला काढण्याचा विषय बाजूला पडला आणि ठरलं ते असं, की प्रशिक्षण घेतल्याशिवाय यापुढे कुणीही प्राण्याला हात लावायचा नाही. झाडणाऱ्यानंही नाही आणि प्राध्यापकानंही नाही.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे हा विचार नवा आहे असं मुळीच नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्यामागे धडपड होती ती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या नर्तिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण राज्यसभेत नामनियुक्त सदस्य म्हणून त्यांनी या मुक्या जिवांची बाजू मांडली, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. त्या कायद्यानं प्रयोगांना बंदी घातली नाही, पण ते काळजीनं आणि माणुसकीनं व्हावेत, शक्य तिथं भूल देऊन व्हावेत, आणि पुस्तक, प्रतिकृती किंवा फिल्म यांनी काम भागत असेल तर टाळावेत, असं सांगितलं. १९९८ साली त्याखाली सविस्तर नियम आले. प्रयोग जाणकार माणसानं किंवा त्याच्या देखरेखीखालीच व्हावेत, हे त्यांत आलं.

त्याच कायद्यात एक वाक्य मला फार विचारात पाडणारं वाटलं. निव्वळ हाताला सवय व्हावी म्हणून, शक्यतो, जिवंत प्राण्यांवर प्रयोग करू नयेत, असं तो म्हणतो. वाचलं आणि कोडंच पडलं. हाताला सवय हवी, म्हणून तर प्रशिक्षण. आणि सवयीसाठी प्राणी वापरायचा नाही! मग शिकायचं कशावर?

डॉक्टरीणबाईंनी त्याचं उत्तर टेबलावर मांडून ठेवलं होतं. सिलिकॉनचा एक उंदीर होता, त्याच्या शेपटीत शिरेसारखी नळी घातलेली. पण तो एकच, आणि महाग. म्हणून बाकीच्यांसाठी तांदूळ भरून शिवलेले जुने पायमोजे होते, सुई टोचायला संत्री होती आणि टाके घालायला केळ्याची सालं होती. दोन दिवस सगळ्यांनी पायमोजे धरले आणि संत्र्यांत पाणी सोडलं. प्राध्यापक मंडळी सुरुवातीला हसत होती. त्यांतल्या एकांचं संत्रं तीन ठिकाणी फुटून गळायला लागलं तेव्हा हसू थांबलं.

इतर देशांतही हे शहाणपण ठेच लागूनच आलेलं आहे. इंग्लंडनं प्राण्यांवरच्या प्रयोगांबाबत १८७६ सालीच कायदा केला, आणि १९८६ च्या कायद्यानुसार तिथं प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा परवाना लागतो. अमेरिकेत १९६५ साली पेपर नावाची एक पाळीव डाल्मेशियन कुत्री चोरीला गेली आणि प्रयोगशाळेत मेली. त्यावर उठलेल्या गदारोळातून पुढच्याच वर्षी तिथला कायदा आला. कर्मचाऱ्यांना शिकवलंच पाहिजे, ही सक्ती मात्र १९८५ च्या दुरुस्तीनं झाली. युरोपात २०१० च्या निर्देशानुसार माणूस शिकला तरी, त्याला खरोखर जमतं हे दिसेपर्यंत त्याला एकट्यानं काम करू देत नाहीत. आपल्याकडे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची देखभाल शिकवणारं केंद्र पन्नाशीच्या दशकात मुंबईतच सुरू झालं आणि नंतर १९७६ साली हैदराबादला गेलं. तंत्रज्ञांसाठी एक आणि पर्यवेक्षकांसाठी एक असे अभ्यासक्रम तिथं वर्षानुवर्षं चालले. पण देशभरातल्या संस्थांतल्या किती ‘मामां’ना हैदराबादची गाडी पकडता येणार?

धरायचं कसं?

तिसऱ्या दिवशी खरे प्राणी आले. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते.

ससा पहिला. ससा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जादूगाराच्या हातात कानांनी लोंबणारा ससा येतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानांना धरून कधीही उचलायचं नाही. सशाची मागच्या पायांची ताकद मोठी आणि पाठीचा कणा नाजूक. घाबरून त्यानं हवेत लाथ झाडली तर स्वतःच्याच झटक्यानं त्याचा कणा मोडतो. म्हणून एक हात मानेमागच्या सैल कातडीवर, दुसरा हात कुल्ल्यांखाली, आणि तोंड आपल्या काखेत लपवायचं. अंधार झाला की ससा शांत होतो. “तान्ह्या पोराला घेतो ना, तसं,” असं मामा हळूच म्हणाले, आणि त्या तिघी मुलींना एका वाक्यात जमलं.

गिनिपिगचा पाठ निराळा. आपल्यासारखंच त्याचंही शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. खाद्य जुनं झालं, त्यातलं जीवनसत्त्व उडालं, की त्याला स्कर्व्ही होतो. म्हणजे स्टोअरमधल्या पोत्यावरची तारीख बघणारा माणूसही त्या प्राण्याच्या जिवाला जबाबदार असतो. स्टोअरकीपरला या वर्गात का बसवलं, ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

उंदराच्या वेळी मात्र वाद झाला. पांढऱ्या उंदराला शेपटीनं उचलायचं, ही सगळीकडची रूढ पद्धत. एक प्राध्यापक म्हणाले, “मी तीस वर्षं असंच करतोय. आता मला उंदीर उचलायला शिकवणार का?” बाईंनी शांतपणे २०१० सालचं लिव्हरपूल विद्यापीठातलं संशोधन सांगितलं. शेपटीनं उचललेले उंदीर माणसाच्या हाताला बिचकतात. ओंजळीत घेतलेले किंवा छोट्या नळकांड्यातून उचललेले उंदीर आपण होऊन हाताजवळ येतात. कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठानं २०१४ साली दाखवलं, की नुसत्या पुरुषाच्या वासानं, अगदी त्याच्या वापरलेल्या शर्टाच्या वासानंसुद्धा, उंदरांवर ताण येतो आणि त्यांच्या वेदनेची मोजमापं बदलतात. म्हणजे औषधाचा परिणाम म्हणून आपण जो आकडा लिहितो, तो कदाचित आपल्या धसमुसळ्या हाताचाच परिणाम असेल! घाबरलेल्या उंदरानं दिलेलं उत्तर खोटं निघालं, तर तो उंदीर फुकट गेलाच, पण त्या औषधाची वाट बघणारा रुग्णही फसला.

प्राध्यापक काही बोलले नाहीत. पण दुपारच्या सत्रात त्यांनी ओंजळ केली.

१९५९ साली रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन शब्द दिले. पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, वापरायचेच तर कमीत कमी वापरा, आणि जे वापराल त्यांना कमीत कमी त्रास होईल असं तंत्र सुधारा. भारतानं त्यात चौथा शब्द घातला तो पुनर्वसनाचा : काम संपल्यावर मोठ्या प्राण्यांची उरलेल्या आयुष्याची सोय लावा. ऐकायला हे सुविचारासारखं वाटतं. पण सुई एकदाच आणि नीट टोचली गेली तर दुसरा उंदीर लागत नाही, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

माणसाच्याही जिवाचं

प्रशिक्षण फक्त प्राण्यांसाठी असतं, हा माझा समज चौथ्या दिवशी गेला. मामांना गेली बारा वर्षं दमा आहे. तो परळच्या धुराचा, असं ते समजत होते. खरं तर उंदरांच्या मुतातल्या प्रथिनांची माणसाला ॲलर्जी होते. आधी शिंका, मग अंगावर गांधी, आणि दुर्लक्ष केलं तर दमा. तूस बदलताना ती धूळ उडते. तोंडाला योग्य मास्क लावला, पिंजरे हवेच्या योग्य झोताखाली रिकामे केले, तर हे बरंचसं टळतं. मामांना हे तिसाव्या वर्षी कळलं. ते नुसतं “असं होय?” म्हणाले आणि खिशातला पंप बाहेर काढून त्याच्याकडे बघत राहिले.

याहूनही भयंकर घडलेलं आहे. १९९७ साली अमेरिकेतल्या एका माकड-संशोधन केंद्रात बावीस वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्यात माकडाच्या पिंजऱ्यातला काही द्रव उडाला. माकडांना फारसा त्रास न देणारा, पण माणसाला मारणारा विषाणू त्यात होता. काही आठवड्यांत ती गेली. डोळ्यांवर साधा चष्मा असता तर! त्यानंतर माकडांजवळ जाताना डोळे झाकण्याचे नियम कडक झाले.

आणि माकडं काही फक्त अमेरिकेत लागतात असं नाही. २०२० च्या टाळेबंदीत कोरोनाच्या देशी लशीची चाचणी करण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला वीस माकडं हवी होती. वनखात्याच्या मदतीनं ती नागपूर परिसरात मिळाली. ज्यांनी ती पकडली, पुण्यापर्यंत आणली, सर्वांत कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेत हवाबंद पोशाख चढवून त्यांची देखभाल केली, त्यांचे हात शिकलेले नसते तर काय झालं असतं? आपण दंडावर लस घेतली आणि सेल्फी काढला. त्या हातांची आठवण कुणाला झाली?

‘आता पुरे’

शेवटी लेखी परीक्षा. प्रश्नपत्रिका इंग्रजीत! मामा सातवी पास. मी म्हटलं, परीक्षा मामांची आहे की इंग्रजीची? सर म्हणाले, “मग बाई, तुम्हीच मराठी करून द्या.” माझ्यावरच आलं.

भूल, जखम, पिंजरा हे सोपं होतं. पण प्रयोग संपल्यावर प्राण्याला मारतात, त्याला काय म्हणायचं? प्रयोगशाळांत सर्रास ‘सॅक्रिफाइस’ म्हणतात. त्याचं मराठी ‘बळी’. पण बळी देवाला देतात. इथं देव कोण? ‘दयामरण’ लिहायला लेखणी धजेना, कारण ते मरण त्या प्राण्याच्या भल्यासाठी नसतं. मामांना विचारलं, “तुम्ही काय म्हणता हो?” ते म्हणाले, “आमी ‘निजवला’ म्हनतो.” तेही सत्याला पांघरूण घालणंच. मी सरळ ‘वेदना न होता मारणे’ असं लिहिलं.

दुसरा शब्द याहून अवघड होता. प्रयोग सुरू करण्याआधीच एक मर्यादा ठरवून ठेवतात. वजन अमुक इतकं उतरलं, प्राणी खाईनासा झाला, की पुढची माहिती मिळायची बाकी असली तरी तिथंच थांबायचं आणि त्याची सुटका करायची. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव आहे. मी मामांना समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, “म्हंजे बाई, ‘आता पुरे’ म्हनायची येळ.” मी प्रश्नपत्रिकेत तेच छापलं. त्या प्रश्नाचं मामांनी लिहिलेलं उत्तर माझ्याकडे आहे. अंगावरचे केस विस्कटतात, पाठीला पोक येतं, डोळे बारीक होतात, घरटं करत नाही, कोपऱ्यात एकटा बसतो. उंदराच्या चेहऱ्यावरची वेदना कशी ओळखावी, याचं कोष्टक शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलं. त्यातली बारीक झालेल्या डोळ्यांची खूण मामांच्या उत्तरातही होती. फक्त शेवटी त्यांनी एक ओळ जादा लिहिली होती : ‘हे दिसले की साहेबांना लगेच सांगावे. सांगायला भिऊ नये.’

परीक्षक असते तर त्या ओळीला मी वेगळे गुण दिले असते. कारण सगळ्या प्रशिक्षणाचा अवघड भाग तोच आहे. उंदीर धरायला चार दिवसांत येतं. पण सातवी पास माणसानं डॉक्टरेट झालेल्या माणसाला ‘आता थांबा’ म्हणायचं, आणि त्यानं ते ऐकायचं, हे शिकवायला किती दिवस लागतील? काही ठिकाणी दोन तासांचं भाषण करतात, चहा-बिस्किटं देतात आणि प्रमाणपत्र वाटतात. ते भिंतीवर छान दिसतं. तहानलेल्या उंदराला त्याचा काही उपयोग नाही.

मामा यंदा निवृत्त झाले. त्या दिवाळीतला तो पोरगा आता कायम झाला आहे. या दिवाळीला पाडव्याच्या दुपारी मी कुणालाही न कळवता तिकडे गेले. सगळी संस्था सामसूम होती. तोंडाला मास्क बांधून तो रांगेनं पुढे सरकत होता. प्रत्येक पिंजऱ्यापाशी थांबायचा, बोटानं तोटी दाबायचा, थेंब बोटावर घ्यायचा, आणि मगच पुढे जायचा. मला बघून म्हणाला, “बाई, अजून चाळीस ऱ्हायलेत. बसा तुमी.”

मी बसले. चाळीसही झाल्यावर पाहणीचा कागद काढला, त्याला चार प्रश्न विचारले, आणि मग त्या रकान्यात ‘होय’ लिहिलं.